हरभऱ्यातली पिवळी जाकिटं

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पुरतं उजाडायच्या आधी, वाटूर फाट्याच्या अलीकडच्या वळणावर. बारीक पाऊस होता. आत्या रस्त्याच्या कडेला उभी राहून रस्त्याखालच्या मोरीतला गाळ काढत होती. अंगात पिवळं पावसाळी जाकीट होतं, डोक्यावर त्याचीच टोपी, गळ्यापर्यंत चेन लावलेली. मागून आलेल्या पिकअपचा डावा कोपरा तिला लागला. तिची उजवी नडगी मोडली.

हे आधी सांगून टाकलं, कारण मला पत्रकं लिहायची सवय आहे. जालन्यात आमच्या कामगारांच्या संघटनेत मी तेच काम करते. तिथं मला शिकवलं गेलं की पहिल्या ओळीत कुणावर, कुठं, केव्हा, आणि दुसऱ्या ओळीत कुणी. पहिली ओळ मी दवाखान्याच्या बाकावर बसूनच लिहिली होती. दुसरी ओळ लिहायला मला हिवाळा उजाडला.

कारण पिकअपवाला पळाला नाही. त्यानंच आत्याला उचलून, गाडीतले टोमॅटोचे कॅरेट रस्त्यावर उतरवून, तिला मागं निजवून जालन्याला आणलं होतं. पोरगाच तो, माझ्याच वयाचा. दवाखान्याच्या दारात उभा होता, शर्टाला गाळ लागलेला. मी त्याच्यावर धावूनच गेले. म्हटलं, आंधळा आहेस का? एवढं पिवळंधमक जाकीट दिसलं नाही तुला?

"दिसलं ना ताई," तो म्हणाला. "खोटं कामून बोलू? लांबून दिसल्या मला मावशी."

"मग?"

"मला वाटलं बुजगावणं हाय."

आत खाटेवर आत्या होती. पाय फळीला बांधलेला, डोळे औषधानं जड झालेले. तिला ते ऐकू गेलं. ती पडल्या पडल्या म्हणाली, "बुजगावण्याच्या हातात घमेलं असतंय का रे बाबा?"

"असतंय ना मावशी. त्या मोसंबीच्या बागेपाशी एकाच्या हातात तर खराटा बी हाय. रोज जातो मी तिथून. ते बाजूला सरकत न्हाईत म्हणून हॉर्न बी देत न्हाई. सवयच लागली."

आणि तो रडायला लागला. आत्यानं त्याला उशाची पाण्याची बाटली दिली. मी तिथं उभी, हातात कागद, आणि रागाला जायला जागाच नाही.

तो रस्ता मला कधी नीट जागेपणी आठवत नाही. लहानपणी आत्याकडं जायचे तेव्हा एसटीच्या खिडकीशी झोप लागायची आणि वाटूर फाटा आला की कंडक्टर हाक मारायचा. त्यामुळं त्या पट्ट्यातलं सगळं मी अर्ध्या मिटल्या डोळ्यांनीच पाहिलंय. दोन्ही अंगांनी कपाशी, मधेच मोसंबीची बाग, वास आधी आणि झाडं नंतर, ओली काळी माती आणि तिच्यावरून लोळत येणारं धुकं. मागच्या काही वर्षांत त्या धुक्यात पिवळी माणसं दिसायला लागली होती. स्तब्ध उभी. एक इथं, एक तिथं, दोन्ही हात पसरून, जशी काही कुणाला तरी कवेत घ्यायला. एसटी जायची तशी ती एकेक करून मागं पडायची, आणि मला झोपेत वाटायचं की ही आत्याच्या टोळीतली माणसं आहेत आणि कामावर उभी आहेत. म्हणजे चूक मलाही होत होती, फक्त उलट्या बाजूनं.

आत्याच्या टोळीचं सांगायला हवं. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याची देखभाल एका ठेकेदाराकडं आली आणि त्यानं आसपासच्या गावांतल्या बाया कामाला घेतल्या. कडेचं गवत काढायचं, वाळू झाडायची, मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या. आमच्या वस्तीतून आत्या पहिली गेली. त्याआधी तिचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्यात गेला. कुणाच्या शेतात कधी जायचं, कुठल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचं, पाणी कुणाच्या हातून वरून ओंजळीत घ्यायचं, हे सगळं दुसरे ठरवायचे. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा वस्तीतल्या घरांच्या भिंतींचा रंग बदलला, पण त्या ओंजळीचं काय ते आत्याच्या तरुणपणापर्यंत सुटलं नव्हतं.

मग तिला जाकीट मिळालं. पहिल्या दिवशी ती ते घालून घरी आली ते काढेचना. चुलीपुढं तेच, शेळीला चारा टाकताना तेच. मला म्हणाली, "रस्ता ओलांडायला हात वर केला ना बाई, तर ट्रक थांबला. एवढा मोठा ट्रक! आतला सरदारजी हात दाखवून म्हणतो, जाओ माताजी." हे तिनं त्या वर्षी मला किती वेळा सांगितलं असेल. ती सांगायची आणि हात वर करायची, आणि चुलीच्या उजेडात त्या बाहीवरची चंदेरी पट्टी क्षणभर लखलखायची. तिच्याकडं सगळे त्या पट्टीला रेडियम म्हणतात.

आत्यानं आयुष्यात बरंच काही सोसलंय आणि त्याबद्दल ती बोलत नाही. पण दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून तिच्या तोंडी एकच. "मला माणूस म्हणून न्हाई वळखलं त्यानं." रागानं नव्हे. नवल वाटल्यासारखं, छताकडं बघत. "बुजगावणं म्हन्ला."

सुपरवायझर तिसऱ्या दिवशी आला, केळी घेऊन. ठेकेदाराचा माणूस, पण आमच्याच भागातला, बोलायला गोड. केळी उशाशी ठेवून म्हणाला, "मावशी, आम्ही जाकीट दिलं व्हतं की न्हाई?"

"दिलं व्हतं."

"बराबर. तुम्ही घातलं व्हतं. गाडीवाल्याला दिसलं बी. मंग आता आमचा संबंध कुठं राह्यला? गावचे लोक जाकिटं शेतात टांगून राह्यले, त्याला कंपनी काय करीन?"

मी विचारलं, "जुनी जाकिटं तुम्ही परत का घेतली नाहीत?"

"ताई, तुम्ही जालन्याहून आल्या का? छान. केळी खा." मग आत्याकडं वळून, "संक्रांतीनंतर उभं राहता आलं तर या. तोवर जागा ठेवतो, जबान देतो. त्याच्यापुढं माह्या हातात न्हाई."

तो गेल्यावर मी आत्याला म्हटलं, तू जाऊच नकोस तिकडं. दुसरं काही बघू. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला जायचंच होतं. त्याच वळणावर, त्याच मोरीपाशी. आणि तिथं ती बुजगावणी तशीच उभी राहणार होती, तिच्याच कपड्यात. म्हणजे संक्रांतीपर्यंत जेवढे दिवस होते तेवढेच ती बुजगावणी उतरवायला आमच्या हातात होते. हरभरा तेव्हा अजून पेरायचा होता.

संघटनेच्या कार्यालयात बसून मी वाचून काढलं. धोक्याच्या जागी घालायच्या कपड्यांसाठी आपल्याकडं मानक आहे, छापलेलं, बाहेरच्या देशांचंही आहे. त्यात लिहिलंय की कापडाचा रंग असा हवा की ढगाळ सकाळी, तिन्हीसांजेला, ते स्वतः उजेड देतंय असं वाटावं. पट्टी अरुंद नको. ती छातीभोवती पूर्ण फिरलेली हवी आणि बाह्यांवरही हवी, म्हणजे लांबून नुसता ठिपका न दिसता माणसाचा आकार दिसेल. आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं हवं की हे किती धुण्यांपर्यंत चालेल. पावसाळी असेल तर बाहेरचं पाणी आत येऊ नये आणि आतली वाफ बाहेर जावी. आत्याच्या जाकिटाला चिठ्ठीच नव्हती. आतून ते मेणकापडासारखं, तासाभरात घामानं बाई भिजलेली. पावसात कोरडं राहायला जाकीट घालायचं आणि जाकिटातच भिजायचं. जुनं झालेलं वापरातून काढावं, एवढंही मला वाचायला मिळालं. काढून कुठं ठेवावं ते मी वाचलेल्या कुठल्याच कागदात नव्हतं. ठेकेदारानं दर पावसाळ्यात नवी वाटली आणि जुन्यांकडं वळून पाहिलं नाही. बायांनी ती घरी नेली. मग ती शेतात गेली.

कशी गेली, तेही सांगते. वळणाला लागून एका शेतकऱ्याचं रान आहे. गाव त्यांना आबा म्हणतं. आत्या त्यांच्या धुऱ्यावरचं गवत शेळीसाठी कापते, पूर्वीपासून. एका वर्षी त्या गवताच्या बदल्यात म्हणून तिनं स्वतःचं जुनं जाकीट त्यांना दिलं, पाऊस लागेल तर घाला म्हणाली. आबांनी ते घातलं नाही. तुराट्यांचा क्रूस केला, वर मडकं पालथं घातलं आणि त्यावर जाकीट चढवून रस्त्याच्या अगदी कडेला उभं केलं. कारण त्यांना एक गोष्ट सुचली होती. रात्री रस्त्यावरून गाडी गेली की ते जाकीट पेटतं. पेटतं आणि विझतं. रानडुकरांना वाटतं की कुणी तरी माणूस बॅटरी मारतोय. आबा राखणीच्या माचणावरून उठून घरी निजायला लागले आणि हरभरा शाबूत राहिला. पुढच्या हंगामाला रस्त्याकडेच्या प्रत्येक शेतात एक जाकीट होतं. रानाच्या मधोमध कुणीच लावलं नाही, तिथं गाडीचा उजेड पोचत नाही. सगळी रस्त्याला खेटून. तिथंच, जिथं बाया काम करतात.

यात लबाडी कुणाची नव्हती. मला लबाडी हवी होती.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी मुद्दाम शेअर जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसले. ती पट्टी फार विचित्र वस्तू आहे. आलेला उजेड ती इकडंतिकडं उधळत नाही, ज्यानं दिला त्यालाच परत करते. म्हणून ती ड्रायव्हरला दिसते आणि बाजूला उभ्या माणसाला दिसत नाही. मला ते ड्रायव्हरच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दिवस मावळला होता, आकाशाला अजून थोडा जांभळा उजेड होता. दिवे लागले आणि शेतं जागी झाली. हरभऱ्यातून, ज्वारीच्या कडेनं एकेक पांढरी माणसं उठून उभी राहिली. छातीवर उजेडाचा पट्टा, दंडावर उजेडाचं कडं. चेहरे नाहीत. जीप त्यांच्या मधून चालली होती आणि ती दोन्ही बाजूंनी हात पसरून आमच्याकडं बघत होती. कुणीतरी माझं स्वागत करतंय असं वाटलं. मला खोटं सांगायचं नाही, ते सुंदर होतं. मी रागावायचं विसरले.

मग वळणाच्या अलीकडं आत्याच्या टोळीतल्या बाया दिसल्या, काम संपवून कडेनं परत चाललेल्या. त्यांच्या अंगावर तीच जाकिटं, नवी, याच पावसाळ्यातली. त्यांच्या पट्ट्या चमकल्याच नाहीत. करड्या, राखेसारख्या. जीप जवळ जाईपर्यंत त्या बाया म्हणजे नुसता अंधाराचा जरा दाट भाग होता. ड्रायव्हरनं त्यांच्या जवळ गेल्यावर गाडी बाजूला घेतली आणि पुटपुटला, "या बाया बी ना."

कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या पावसाळ्यापासून मळकं जाकीट दिसलं की सुपरवायझर चारचौघांत बोलायला लागला होता. म्हणून बाया रोज ते धुवायच्या, जसं सगळं धुतात तसंच. साबणाची वडी घासून, दगडावर आपटून, वरून मोगरीनं बडवून. रेडियम बिचारं थराथरानं उडून गेलं. बुजगावण्याचं जाकीट कोण धुतं? त्याला पाऊस धुतो. म्हणून वळणावर सगळ्यात लखलखीत कपडा मडक्याच्या डोक्याचा होता आणि सगळ्यात विझलेला कपडा बाईचा. आत्यानं हे ऐकून स्वतःच्या तळहातांकडं पाहिलं. मग म्हणाली, "लई घासलं गं म्या. एवढं स्वच्छ ठेवलं."

मी पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरांत, बुजगावण्यांची जाकिटं उतरवा. खाली मानकातली माहिती, सोप्या भाषेत. आणि ठेकेदाराला चार वाक्यं, ती मला अजूनही आवडतात. फाट्यावरच्या हॉटेलात वाटलं, शेताशेतात गेले. लोकांनी चहा पाजला. आबांच्या शेतात गेले तेव्हा ते धुऱ्यावर उकिडवे बसून पत्रक वाचत होते, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत.

"लिहिलंय बराबर," ते म्हणाले. "मंग डुकरं कोण हाकलीन? तू येशील रातच्याला?"

"आबा, माझ्या आत्याचा पाय मोडलाय."

"मोडलाय ना. मला दुःख न्हाई का? तुही आत्या पोरगी व्हती तवापासून या रानात हाय. पण जाकिटानं मोडला का? गाडीनं मोडला. गाडीवाल्याला पत्रक दे."

"त्याला वाटलं बुजगावणं आहे."

"मंग तो गधा हाय. मला तर कवाच वाटलं न्हाई. माणूस आन् बुजगावणं न्हाई वळखू येत?" आणि त्यांनी पत्रकाची व्यवस्थित घडी करून टोपीत ठेवली. "कागद चांगला हाय. जाडा."

त्यांच्या पाठीमागं आत्याचं जुनं जाकीट उभं होतं. दंडाला तिनंच लाल दोऱ्यानं घातलेलं ठिगळ होतं. वारा आला की बाह्या हलायच्या. मी परत निघाले तेव्हा मला सारखं वाटत राहिलं की आत्याच मागून बघतेय.

डिसेंबर असाच गेला. आत्या कुबडी घेऊन अंगणात फिरायला लागली. रोज थोडं पुढं, लिंबापर्यंत, मग हापशापर्यंत. मी दर रविवारी जायचे आणि दर रविवारी एसटीच्या काचेतून ती पिवळी माणसं मोजल्यासारखी बघायचे. कमी होत नव्हती. एकानं तर पत्रकच जाकिटाच्या खिशात खोचून ठेवलं होतं. गंमत म्हणून की डुकरांनी वाचावं म्हणून, देव जाणे.

आणि मग धुक्याची ती सकाळ आली. मी तिथंच होते, आत्याकडं मुक्कामाला. धुकं इतकं की अंगणातली शेळी दिसत नव्हती, नुसती घंटी वाजत होती. आम्ही चुलीपाशी चहा पीत होतो. तेवढ्यात धुक्यातून एक पिवळं जाकीट चालत आलं. चालत. जाकिटाच्या आत आबांची बायको होती. गाव त्यांना काकू म्हणतं.

काकू आमच्या वस्तीत कधी आल्या नव्हत्या. त्यांच्या वाड्याच्या ओसरीपर्यंत आम्ही जायचो, उलट कधी नाही. त्या आल्या आणि आत्याच्या खाटेवर, वाकळीवरच, धपकन बसल्या. काखेत टोपली, टोपलीत हरभऱ्याची खुडलेली भाजी, अर्धी सांडलेली.

"च्या हाय का गं?" त्या म्हणाल्या. आत्यानं स्वतःचाच कप पुढं केला आणि त्यांनी तो घेऊन तोंडाला लावला. मी बघत राहिले.

"काय झालं वहिनी?" आत्यानं विचारलं.

"काय व्हायचं राह्यलं? भाजी खुडायला गेल्ते. थंडी इतकी की हात चालंना. म्हन्लं या बुजगावण्याला काय थंडी वाजती, काढलं त्याचं जाकीट आन् घातलं. चांगलं गरम हाय बाई. रस्त्याच्या कडंला उभी राहून टोपली झाडू लागले. तर तुहे दादा, आमचे हे, आले फटफटीवर, दुधाचे कॅन घेऊन. म्हन्लं थांबतील, बसवतील मागं. थांबतील कशाचे! असे खेटून गेले की कॅननं टोपलीच उडवली माह्या हातातली. आन् मागं वळून बी न्हाई पाह्यलं!"

"अगं बाई," आत्या म्हणाली. "लागलं तर न्हाई?"

"हाताला झिणझिण्या आल्या. दुधाचा वास आला गं मला, इतक्या जवळून गेले. मंग फाट्यावरून परत आले तवा म्या तिथंच उभी, मुद्दाम, तशीच, हात पसरून. आता तरी थांबतील. तर पुन्हा गेले की तसेच! मंग म्या बोंब मारली, अहो, म्हन्लं! तर फटफटी गेली ना सरळ नालीत."

मला हसू फुटलं. काकूंनी माझ्याकडं डोळे वटारले आणि मग त्याही हसायला लागल्या, हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"म्हणले काय मला, ठाऊक हाय? मला वाटलं आपलंच बुजगावणं हाय. आपलंच म्हणं! म्या म्हन्लं, त्याच्याकडं तरी रोज बघता तुम्ही, उभं हाय का पडलं. माह्याकडं कवा बघता?"

आत्या हसली नाही. तिनं काकूंचा हात हातात घेतला, मनगट चाचपून पाहिलं, मोडलंबिडलं नाही ना म्हणून. दोघी तशाच बसल्या. धुकं दारातून आत येत होतं आणि खाटेवर ते पिवळं जाकीट त्या राखाडी उजेडात स्वतःच पेटल्यासारखं दिसत होतं. दंडावर लाल दोऱ्याचं ठिगळ. काकूंनी ते अंगातून काढलं, घडी केली आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"घे बाई तुहं तुला. म्या न्हाई टांगू द्यायची आता."

माझ्या पत्रकानं जे झालं नाही ते काकूंच्या तोंडानं आठवड्यात झालं. त्या हापशावर बोलल्या, दळणाला गेल्या तिथं बोलल्या, हुरड्याला पाव्हणे आले त्यांच्यापुढं आबांची नक्कल करून दाखवली. प्रत्येक घरात एखादी बाई होतीच जी धुक्यात रस्त्याकडेनं चालते. जाकिटं बायांनीच उतरवली. पुरुषांना विचारलं नाही. मी जानेवारीत एसटीनं गेले तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती. तुराट्यांचे क्रूस उघडे उभे, कुठं त्यावर जुनी साडी, कुठं रिकामी खताची गोणी. मी झोपले नव्हते, पण तरी आपण कुठून तरी जागं होतोय असं वाटलं.

डुकरं आली. हे लपवणार नाही. आबांच्या हरभऱ्याचा रस्त्याकडचा कोपरा एका रात्रीत लोळवून गेली. आबा मला फाट्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "तुह्या पत्रकानं डुकरं थांबली न्हाईत बरं का पोरी." मी मान खाली घातली. मग टोपी सारखी करत म्हणाले, "जाऊ दे. रातच्याला जातो आता माचणावर. झोप तशी बी येत न्हाई." ते नुकसान त्यांचं झालं. ठेकेदाराचं काहीच झालं नाही. जी जुनी जाकिटं त्यानं वर्षानुवर्षं वाऱ्यावर सोडली, ती गोळा करायचं काम गावच्या बायांनी फुकट केलं आणि पीकही गावानंच घालवलं. माझ्या पत्रकाची दुसरी ओळ ही आहे.

संक्रांत झाली आणि आत्या कामावर गेली. पाय थोडा ओढते. तिला नवं जाकीट मिळालं आहे आणि ते ती दगडावर नेत नाही, बादलीत बुचकळून हातानं चोळते, पट्टीला बोटसुद्धा जपून लावते. पहिल्या सकाळी मी तिच्यासोबत वळणापर्यंत गेले. धुकं होतं. ती मोरीपाशी उभी राहिली आणि मी लांब जाऊन मागं वळून पाहिलं. त्या सगळ्या पांढऱ्या पसाऱ्यात तेवढा एकच पिवळा ठिपका होता आणि तो हलत होता. वाकत होता, उठत होता. एक ट्रक आला, हळू झाला, बाजूनं गेला. मला वाटलं, झालं.

पण मागच्या महिन्यात पुढच्या पुलाचं काम निघालंय. गाड्या हळू व्हाव्यात म्हणून ठेकेदारानं तिथं एक माणूस उभा केलाय. खाली डांबराचं पिंप, वर बांबू, त्यावर हेल्मेट, हाताला लाल झेंडा बांधलेला. अंगात पिवळं जाकीट, आत्याला दिलं त्याच गठ्ठ्यातलं, कोरं. आत्याची टोळी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर काम करते. मी सुपरवायझरला गाठून विचारलं. तो म्हणाला, "सेफ्टी हाय ना ताई. याला च्या लागत न्हाई, सुट्टी लागत न्हाई." बायांनी सांगितलं, मी लेखी दिलं. ते पिंप आजही तिथं उभं आहे. गाडीवाल्यांना आता त्याची सवय होत चाललीय. पहिल्या दिवशी थांबत होते, आता थांबत नाहीत.

तुम्ही त्या रस्त्यानं जात असाल, किंवा दुसऱ्या कुठल्याही. तुमच्या शेतात, तुमच्या दुकानापुढं, तुमच्या गावच्या पुलाच्या कामावर आत माणूस नसलेलं जाकीट उभं असेल. तुमचं असेल तर आज उतरवा. तुमचं नसेल तर ज्यानं टांगलं त्याच्या दारात जा आणि उतरवायला लावा, तो हसला तरी परत जा. आणि ते उतरेपर्यंत, जिथं जिथं पिवळं दिसेल तिथं पाय ब्रेकवर ठेवा. आत कोण आहे याचा अंदाज गाडीत बसून करू नका.